बाजूच्या फाटकातली वहिवाट

फाटकावरचा लाल दिवा आधी आंटींना दिसला. मी दोन पावलं मागे होते. एका हातात अंकलच्या औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात माझा ऑफिसचा डबा. आंटींनी व्हीलचेअर थांबवली आणि फाटक ढकललं. रोज ते एका हाताने उघडायचं. त्या सकाळी हललं नाही. त्यांनी खांदा लावून पाहिला. मग कडीच्या जागी बसवलेली काळी चपटी डबी आम्हाला दिसली, आणि तिच्या वर प्लास्टिकच्या कव्हरात घातलेली सूचना: फक्त रहिवाशांसाठी. कार्ड वापरावे.

अंकल खुर्चीत बसून फाटकापलीकडच्या गवताकडे बघत होते. रोज इथे पोचलं की त्यांची खुर्चीच्या हातावरची पकड सैल व्हायची. त्या दिवशी झाली नाही.

मी तेव्हा सिंगापुरात, क्लेमेंटीत या दोघांच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. दोघंही सत्तरीतले, चिनी वंशाचे, जन्मापासून सिंगापूरचे. तिथे वयाने मोठ्या कुणालाही आंटी-अंकल म्हणतात, त्यामुळे घरमालक आणि भाडेकरू हे नातं पहिल्या काही दिवसांतच पुसट झालं होतं. आंटी इंग्रजीत बोलायच्या. इथे मी त्यांचं बोलणं मराठीत लिहिते आहे. वाक्याच्या शेवटी त्या लावायच्या तो ‘ला’ मात्र ठेवते, कारण त्याच्याशिवाय त्या मला ऐकू येत नाहीत.

अंकलना अर्धांगाचा झटका आला होता तो भर रस्त्यात, मोठा रस्ता ओलांडताना. ते गाड्यांच्या मधोमध पडले. एकही गाडी त्यांना लागली नाही, पण सगळ्या त्यांच्या डोक्याच्या अगदी जवळून गेल्या. तेव्हापासून उजवी बाजू लुळी, बोलणं जवळजवळ गेलेलं, आणि जवळून एखादी गाडी गेली की डाव्या हाताने खुर्ची दाबून ते उठायला बघायचे. पळून जायचं असायचं त्यांना. पाय मात्र पळणारे राहिले नव्हते.

म्हणून ती वाट होती. आमच्या ब्लॉकच्या मागून निघायची, शेजारच्या कॉन्डोच्या, म्हणजे पोहण्याचा तलाव आणि पहारेकरी असलेल्या खासगी सोसायटीच्या, कडेच्या गवताच्या पट्टीतून जायची आणि जुन्या रेल्वेलाइनवर उतरायची. गाड्या बंद होऊन तिथले रूळ कधीच उचलले गेले होते. उरली होती मातीची लांब सपाट वाट, दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेएवढं गवत. तिच्या पलीकडे म्हाताऱ्या माणसांचं डे केअर सेंटर. तिथे अंकल दोन स्टीलच्या दांड्यांना धरून रोज थोडं उभं राहायला शिकत होते. घरापासून सेंटरपर्यंत गाड्यांचा एकही रस्ता आडवा येत नसे. सेंटरच्या पुढेच माझा बस स्टॉप, म्हणून सकाळी मी त्यांच्याबरोबर निघायचे आणि तिथून वन-नॉर्थला ऑफिसला जायचे.

त्या दिवशी आम्ही रस्त्याने गेलो. दुसरा इलाज नव्हता. पादचारी पुलाला जिने होते, लिफ्ट नव्हती. म्हणून पुढच्या सिग्नलपर्यंत, बसच्या इतक्या कडेने की बसच्या वाऱ्याने पिशवी उडत होती. सिग्नलच्या आधी डावीकडे वळणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी लेन होती. तिथे एक टॅक्सी आम्हाला बघून थांबली, अगदी नियमाप्रमाणे थांबली, पण थांबली ती आमच्यापासून हातभरावर. अंकल उठले. पट्टा बांधलेला असूनही उठले, आणि खुर्ची त्यांच्यासकट पुढे कलली. मी डबा टाकून त्यांच्या छातीला आडवा हात लावला. त्यांनी माझी कॉलर धरली. आंटी मागून खुर्ची दाबून धरत त्यांच्या भाषेत काहीतरी एकसारखं म्हणत होत्या, ओरडत नव्हत्या, लहान मुलाला झोपवताना म्हणतात तसं. टॅक्सीवाला खाली उतरला. माझी भाजी झेब्रा क्रॉसिंगवर पडली होती.

सेंटरला पोचलो तेव्हा अंकलनी माझी कॉलर सोडली नव्हती. एकेक बोट उघडावं लागलं.

संध्याकाळी पुंगोलहून त्यांच्या मुलाचा फोन आला. त्याला दोन लहान मुलं, बायको नोकरीची, घर बेटाच्या दुसऱ्या टोकाला. वाईट मुलगा नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं: रोज नेता येत नसेल तर सेंटरमधली जागा दुसऱ्याला जाईल, आणि दिवसभर घरात अंकलना एकट्या आंटी सांभाळू शकणार नाहीत. त्याने एक नर्सिंग होम पाहून ठेवलं होतं. स्वच्छ होतं. आंटी फोन स्पीकरवर ठेवून आल्याची सालं काढत होत्या. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, “तिथे गेलेलं माणूस परत येत नाही, ला.” आणि आलं किसायला लागल्या.

मी अशा वेळी गप्प बसायला शिकलेलीच नव्हते. माझे वडील तालुक्याच्या गावी छापखाना चालवायचे. लग्नपत्रिका छापून पोट भरायचे आणि पत्रकं छापून ते रिकामं ठेवायचे, असं आई म्हणायची. मला अक्षरओळख झाली ती छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरून, उलटी. शाळेतून आलं की ओल्या शाईची पत्रकं घडी घालायला बसायचं, हे माझं खेळणं. धरण, पाणी, शाळेची पडकी भिंत, काय नव्हतं त्यात. पण बाबांचा जीव होता तो वाटांवर. आमच्याकडे कुणी नदीकडे जाणाऱ्या वाटेवर तारेचं कुंपण घातलं की बाबा आधी पत्रक काढायचे आणि मग माणसं घेऊन मामलेदार कचेरीत जायचे. सातबारा कुणाच्याही नावावर असो, लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथून चालत आले असतील तर ती त्यांची वहिवाट, आणि ती अडवता येत नाही. तहसीलदार जीपमधून उतरून शेतातून चालत यायचा, पंच उभे राहायचे, आणि कुंपणाची तार निघायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. जमीन विकत घेता येते, तिच्यावरून चालत जाणारं माणूस विकत घेता येत नाही, हे माझ्या दृष्टीने मत नव्हतं. ते गुरुत्वाकर्षणासारखं होतं.

त्यामुळे शनिवारी दुपारी मी कॉन्डोत गेले. तिथल्या व्यवस्थापन समितीवर पुण्याचे एक गृहस्थ होते. बँकेच्या आयटी विभागात मॅनेजर, नुकतेच परमनंट रेसिडेंट झालेले. दिवाळीच्या एका कार्यक्रमात ओळख झाली, मी त्यांना दादा म्हणायला लागले आणि त्यांच्या बायकोला वहिनी. वहिनींनी मला भाजणीचा डबा दिला होता, तो अजून परत करायचा होता. तोच घेऊन गेले.

वहिनींनी पोहे केले. दादांनी मी येण्याचं कारण ओळखलं होतं.

“अगं, तुला वाटतंय आम्ही माणसं अडवतोय. आम्ही स्कूटर अडवतोय,” ते म्हणाले. त्या दिवसांत विजेवरच्या स्कूटर सगळीकडे झाल्या होत्या, आणि पार्सलं पोचवणारी मुलं त्या गवताच्या पट्टीतून भरधाव जायची. त्यांच्या मुलीला एका स्कूटरचा धक्का लागला होता. तिला बोलावून त्यांनी मला तिचं कोपर दाखवलं. टाके पडले होते. मुलीने कोपर दाखवलं, माझ्याकडे पाहिलं आणि बापाला इंग्रजीत विचारलं, ही तुला रागवायला आलीय का?

“हो,” दादा म्हणाले. “जा, अभ्यास कर.”

मी म्हटलं, मग स्कूटर अडवा. ते म्हणाले, कार्ड लावलं की सगळंच अडतं, सोपं पडतं. मी अंकलचं सांगितलं, टॅक्सीचं सांगितलं. वहिनी कढीलिंबाची पानं ताटलीच्या कडेला लावत ऐकत होत्या. दादांनी खरंच वाईट वाटल्यासारखी मान हलवली आणि म्हणाले, सेंटरवाल्यांची व्हॅन असते, तिची चौकशी करा. मी म्हटलं, व्हॅन ही गाडीच असते, आणि ते गाडीत बसत नाहीत.

“आणि दादा, ती वहिवाट आहे.”

ते मोठ्याने हसले. “वहिवाट! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. अगं, इथे मामलेदार कचेरी नाही. जमीन कॉन्डोची आहे. झाडलोट आम्ही करतो, दिवे आम्ही लावतो. पुण्यात आपल्या सोसायटीचं गेट कुणासाठी उघडं ठेवतो का आपण?”

“तीच तर चूक आहे पुण्यात.”

“हे बघ.” आता ते हसत नव्हते. “तू काय करशील ते मला माहीत आहे. तुझ्या वडलांचे किस्से तूच सांगितलेस. इथे तसलं काही चालत नाही. एकटा माणूस पाटी घेऊन उभा राहिला तरी परवानगी लागते. तुझा इथे राहण्याचा, कामाचा पास कंपनीच्या हातात आहे. कंपनीला एक फोन गेला ना, की संपलं.”

“तुम्ही करणार का फोन?”

वहिनींचा चमचा थांबला. “काहीतरीच काय बोलतेस,” त्या म्हणाल्या, पण बघत होत्या दादांकडे.

“मी नाही करणार,” दादा म्हणाले. “पण समितीत मी एकटा नाही.”

मी पोहे संपवले. टाकून उठणं मला जमलं असतं, पण वहिनींनी ओलं खोबरं घातलं होतं.

त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं. इंग्रजीत, एक पान, मोठ्या अक्षरातला मथळा: वाट तिच्यावरून चालणाऱ्याची असते. खाली मुद्दे. पाय हे पहिलं वाहन. शहराने चाकांसाठी इतकं दिलं आहे की पायांसाठी एक पट्टी मागणं ही भीक नव्हे. ज्या जमिनीवर गाडी येत नाही तीच जमीन म्हाताऱ्यांची, मुलांची आणि आजाऱ्यांची. अजूनही यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. आणि सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात, आमच्याकडच्या प्रत्येक पत्रकावर असतात तशी ‘आपले नम्र’ म्हणून नावं. माझं पहिलं. मग आंटींचं आणि अंकलचं. यात मला काही गैर वाटलं नाही. निनावी पत्रक बाबा छापायचेच नाहीत. ज्याचं दुखणं त्याचं नाव, असा छापखान्याचा नियम होता, आणि गावात आपलं नाव यावं म्हणून लोक भांडायचे.

आंटी जेवणाच्या टेबलावर बसून कागदाचे डबे करत होत्या. लेटरबॉक्समध्ये रोज जाहिरातींचे कागद पडायचे, घरविक्रीचे, शिकवण्यांचे. त्या ते फेकायच्या नाहीत. चार-पाच घड्या घालून त्यांचे छोटे उघडे डबे करायच्या आणि रचून ठेवायच्या. जेवताना माशाचे काटे, संत्र्याची सालं त्यात टाकायची आणि डब्यासकट कचऱ्यात. त्यांच्या वयाच्या पुष्कळ बायका हे करतात.

मी पत्रक त्यांच्यापुढे ठेवलं. चष्मा लावून त्यांनी ते सावकाश, ओळीवर बोट ठेवत वाचलं. बोट खाली कोपऱ्यात येऊन थांबलं.

“माझं नाव कशाला?”

“वाट तुमची आहे म्हणून.”

“इतकी वर्षं चालले तेव्हा वाटेला माझं नाव लागलं नाही.” त्यांनी चष्मा काढला. “नाव लिहिलं की भांडण माझं होतं. मला भांडण नको. मला वाट हवी, ला.”

मी म्हटलं, भांडल्याशिवाय वाट मिळत नाही. माझा आवाज चढला होता. मी त्यांना तारेच्या कुंपणाचं सांगितलं, जीपचं सांगितलं, पंचांचं सांगितलं. गप्प बसणाऱ्यांमुळेच कुलपं लागतात, असंही म्हणाले. अंकल आतल्या खोलीतून घशातून आवाज करायला लागले तेव्हा मी थांबले.

आंटींनी सगळं ऐकून घेतलं. “तू भांडलीस. तुला परत पाठवलं. मग याची खुर्ची तू तुझ्या गावाहून ढकलणार?”

आणि त्यांनी माझ्या पत्रकाला मधोमध घडी घातली. मग कोपरे. मग कड. माझ्या डोळ्यांदेखत त्याचा डबा झाला, इतर डब्यांसारखाच, फक्त जरा कडक, कारण मी चांगला कागद वापरला होता. रात्रीच्या जेवणात तो माझ्याच ताटाशेजारी ठेवलेला होता. मी मासे खात नाही. आंटी आपले काटे त्यात टाकत होत्या, आणि मी न जेवता उठले.

मी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान माझ्या बाजूने दोन शब्द बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, “ती अजून जाते का त्या वाटेनं?”

“कुलूप आहे, बाबा. कशी जाणार?”

“कुलपापर्यंत जाते का?”

मी म्हटलं, नाही.

“मग आधी ते बघा. कचेरीत पहिला प्रश्न तोच असायचा. तार घातली त्या दिवसापास्नं तुम्ही काय केलं? माणसं लांबच्या रस्त्याला सरावली की केस गेली. पत्रकाचं काय, ते मागनं पण काढता येतं.”

हे मी आंटींना सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. सोमवारी सकाळी त्यांनी रस्त्याकडे न वळता खुर्ची सरळ फाटकाशी नेली, ब्रेक लावला आणि उभ्या राहिल्या. मी विचारलं, काय करायचं? त्या म्हणाल्या, थांबायचं.

थोड्या वेळाने आतून एक बाई पळायचे बूट घालून आली, कार्ड लावून बाहेर पडली, आणि खुर्ची बघून तिने फाटक धरून ठेवलं. आंटींनी मान हलवली, मॉर्निंग म्हणाल्या आणि आत गेल्या. मला शरमेने मान खाली घालावीशी वाटली. ज्यावर आपला हक्क आहे ते कुणाच्या तरी चांगुलपणाची वाट बघत घ्यायचं? रेल्वेलाइनवर पोचल्यावर मी तसं म्हणाले. ही भीकच झाली, आंटी. निदान आभार तरी का मानले नाहीत, म्हणजे भीक आहे हे तिलाही कळलं असतं.

“लिफ्टचं दार कुणी धरून ठेवलं तर तू रडतेस का?” आंटी म्हणाल्या. “माणसाला जायचं असतं. दार धरायचं असतं. एवढंच, ला.”

असं रोज सुरू झालं. कधी लगेच कुणी यायचं, कधी इतका वेळ कुणी यायचं नाही की शेवटी रस्त्याने जावं लागायचं. त्या दिवशी अंकल सेंटरमध्ये दांड्यांना हात लावायचे नाहीत, नुसते बसून राहायचे. सेंटरने मुलाला कळवलं की हजेरी अनियमित आहे. मुलाने आंटींना सांगितलं की येत्या शनिवारी येतो, नर्सिंग होम बघून येऊ. आंटींनी त्या शनिवारसाठी कोंबडीचं सूप करायचं ठरवलं, जणू तो नुसता जेवायला येणार होता.

त्याच आठवड्यात आमच्या मागे लोक उभे राहू लागले. कुणी बोलावलं नव्हतं. आमच्याच ब्लॉकमधली, पूर्वी त्या वाटेने जाणारी माणसं: बाजाराची चाकाची पिशवी ओढणारी एक बाई, दोन विद्यार्थी, गुडघ्याला पट्टा बांधलेले एक म्हातारे गृहस्थ. आंटींची वेळ त्यांना कळली होती. ते खुर्चीच्या मागे एकामागे एक उभे राहायचे, कारण त्या शहरात माणसं उभी राहतात ती तशीच. सिंगापुरात रांग दिसली की लोक आधी उभे राहतात आणि मग कसली ते विचारतात. एकाने खरंच मला विचारलं, समोर काय मिळतं? बाजाराच्या पिशवीवाली म्हणाली, गवत.

बुधवारी फाटक उघडलं नाही. आतून आलेल्या माणसाने कार्ड हातात धरलं, आमची रांग पाहिली आणि म्हणाला, परक्यांना आत घेऊ नका अशी सूचना आहे. पहारेकऱ्याने फोन लावला. आम्ही उभे राहिलो. दादा आले ते ऑफिसच्या कपड्यात, लॅपटॉपची बॅग खांद्याला, चेहरा घट्ट.

जाळीच्या त्या बाजूने त्यांनी रांगेवर शेवटपर्यंत नजर टाकली. मग हळू आवाजात, मराठीत, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, “हे तू केलंस?”

“नाही.”

“पत्रकं वाटलीस?”

“एकच होतं. त्यात काटे टाकले.”

त्यांना कळलं नाही, आणि मी समजावून सांगितलं नाही. “इतकी माणसं जमवणं म्हणजे इथे काय होतं, सांगितलं होतं ना तुला? आता कुणी पोलिसांना बोलावलं तर पहिलं नाव कुणाचं येईल?”

माझं येईल हे मला ठाऊक होतं. रांगेत परदेशी मी एकटीच. डोक्यात पत्रकातली सगळी वाक्यं तयार होती, आणि आंटींनी मागे न बघता माझं मनगट धरलं होतं. घट्ट, नखं लागतील इतकं.

मी म्हटलं, “ही रांग आहे, दादा. विचारा कुणालाही.”

त्यांनी बाजाराच्या पिशवीवालीला इंग्रजीत विचारलं, तुम्ही सगळे इथे काय करताय? ती त्यांच्याकडे अशी बघत राहिली, जणू त्यांना डोळे नाहीत. “रांगेत उभे आहोत, ला,” ती म्हणाली.

तेवढ्यात मागून भुणभुण आली. पार्सलवाला एक पोरगा स्कूटरवरून येऊन रांगेच्या शेवटाला थांबला. तो आवाज ऐकला आणि अंकलचा डावा हात खुर्चीवर दाबला गेला. खांदा वर आला. पट्टा ताणला. आंटी माझं मनगट सोडून वाकल्या आणि त्यांच्या कानाशी तेच अंगाईसारखं म्हणू लागल्या. दादा बघत होते. टॅक्सीचं मी त्यांना पोहे खाताना सांगितलं होतं. ऐकणं वेगळं असतं. त्यांनी कार्ड लावलं. दिवा हिरवा झाला.

आम्ही आत गेलो, मागून रांग गेली, आणि सगळ्यात शेवटी तो पोरगाही स्कूटरवरून उतरून, ती हाताने ढकलत, अगदी शहाण्यासारखा आत गेला. दादांनी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. “आता सांग,” ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी समितीची तातडीची बैठक झाली आणि वहिनींचा मला मेसेज आला: कुलूप काढणार, ह्यांनी बोलून घेतलं, उद्या दिवसभर काम, परवापासून सगळ्यांना मोकळं. मी तो आंटींना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, स्कूटरचं काय करणार? माझं तिकडे लक्षच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी फाटक सताड उघडं होतं. शेजारी नवीकोरी पाटी. मी पाटीपाशीच अडकले. छापील अक्षर दिसलं की आधी तेच वाचायचं, ही लहानपणापासूनची खोड. लिहिलं होतं की ही वाट रहिवाशांच्या सौजन्याने खुली ठेवण्यात येत आहे, आणि ती केव्हाही बंद करण्याचा अधिकार व्यवस्थापन राखून ठेवत आहे.

“सौजन्य!” मी म्हटलं. माझ्या अंगाची आग झाली. मी आंटींना समजावू लागले की ही पाटी मेहेरबानी दाखवायला नाही, हक्क तयार होऊ नये म्हणून लावली आहे. म्हणजे हक्क तयार होऊ शकतो हे त्यांना माहीत आहे. म्हणजे आपण गप्प बसता कामा नये. मी बोलत होते आणि माझ्या मागे लोखंडावर काहीतरी आपटलं.

खुर्चीचं पायदान. फाटकाच्या आत कमरेएवढ्या उंचीचे स्टीलच्या नळ्यांचे दोन अडसर बसवले होते, एक डावीकडून, एक उजवीकडून, एकमेकांना चुकवून. माणसाने नागमोडी वळून आत जावं, स्कूटर वळू नये. बाजाराची पिशवी जात होती. विद्यार्थी गेले. गुडघ्याला पट्टा बांधलेले गृहस्थ गेले. अंकलची खुर्ची जात नव्हती. आंटींनी ती सरळ लावून पाहिली, तिरकी लावून पाहिली. मग ब्रेक लावला. उद्या शनिवार होता.

दादा आतल्या बाजूने येत होते, ऑफिसला निघालेले, आणि लांबूनच हसत म्हणाले, “काय, झालं ना मनासारखं?” मग त्यांना दिसलं. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. शहरभर सगळ्यांसाठी मोकळी म्हणून मिरवायची आणि ज्या खुर्चीसाठी मागितली तिलाच बाहेर ठेवायची, असं काहीतरी. मराठीत बोलले, मोठ्याने बोलले. दादा म्हणाले की स्कूटर कशी अडवायची एवढंच सगळे बघत होते, मापं कंत्राटदाराने घेतली, खुर्चीचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. तुमच्या आला का, मी विचारलं.

आमचं हे चाललेलं असताना आंटी खाली वाकल्या होत्या. त्यांनी अंकलचा पट्टा सोडला होता, पायदानं वर केली होती. आणि अंकलनी डावा हात पुढे करून समोरची नळी धरली होती. ती थंड, गोल, कमरेएवढ्या उंचीची. सेंटरमध्ये असतात तशीच. त्यांना उठायला कुणी सांगितलं नाही. जवळपास गाडी नव्हती, भुणभुण नव्हती. ते पळायला उठत नव्हते. तोंड थोडं उघडं ठेवून, मान खाली घालून, ते नुसते उठत होते.

“इकडून धर,” आंटी मला म्हणाल्या. मी उजवीकडून त्यांच्या काखेत खांदा दिला. त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं आणि मग थोडं कमी झालं. आंटींनी मान वळवून दादांकडे पाहिलं. “तुम्ही खुर्ची उचला.”

दादांनी बॅग गवतात ठेवली. खुर्ची त्यांच्या अंदाजापेक्षा जड निघाली. ती अडसरावरून पलीकडे नेताना चाकाचं वंगण त्यांच्या पांढऱ्या शर्टाला लागलं. आम्ही तिघं, मध्ये अंकल, नळी धरत, वळत, थांबत, पुन्हा वळत पलीकडे आलो. मध्येच अंकलचा गुडघा मोडला, माझ्या तोंडून किंचाळी निघता निघता राहिली, आणि दादांनी मागून त्यांच्या कमरेचा पट्टा धरला. मग खुर्ची. मग पायदानं. मग पट्टा. रांगेतले लोक पलीकडे थांबून बघत होते.

दादा श्वास टाकत म्हणाले, “अडसर सरकवायला सांगतो. पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेतो.”

आंटींनी अंकलच्या कपाळावरचा घाम पुसला. “उद्या,” त्या म्हणाल्या. “याच वेळेला.”

“उद्या शनिवार आहे. सेंटर बंद असेल ना?”

“सेंटर बंद. वाट उघडी, ला. याच वेळेला.” आणि खुर्ची ढकलत रेल्वेलाइनकडे निघाल्या. आभार त्यांनी याही वेळी मानले नाहीत. मी मात्र त्या सकाळपासून त्याबद्दल त्यांना बोलले नाही.

सौजन्याच्या पाटीवर माझा अजूनही राग आहे. त्या रात्री मी समितीला पत्र लिहिलं, सगळे मुद्दे घालून, अडसराचं माप घालून. खाली एकच नाव ठेवलं, माझं.

शनिवारी सकाळी मुलगा आला. आंटींनी त्याला सूप दिलं नाही, चपला काढू दिल्या नाहीत. बापाला फिरवून आणू, मग बोलू, म्हणाल्या. फाटकापाशी दादा उभे होते. जुना टी-शर्ट, शॉर्ट्स, हात मागे बांधलेले, परीक्षेला आल्यासारखे. मुलाने पाटीकडे पाहिलं, अडसरांकडे पाहिलं, या अनोळखी माणसाकडे पाहिलं. मग घड्याळ बघून म्हणाला, मा, तिथे वेळ घेतलीय, आपल्याला निघायला हवं.

अंकलनी हात पुढे करून नळी धरली.

“आधी खुर्ची उचल, ला,” आंटी मुलाला म्हणाल्या.